उजवी जाळी

१

तापलेला लॅपटॉप थंड करणं हे माझं काम. बाकीच्या दुरुस्त्याही करतो, पण लोक मला ओळखतात ते यासाठीच. एका जुन्या इमारतीत जिन्याखालच्या खोलीत माझं दुकान आहे. एक लांब टेबल, वर वाकवलेला दिवा आणि भिंतीवर स्क्रू ठेवायच्या काचेच्या छोट्या बरण्या. खेळांसाठी बनवलेले ते जाडजूड लॅपटॉप, ज्यांचा पंखा सुरू झाला की शेजारच्या खोलीतला माणूस विचारतो काय चाललंय म्हणून, ते शहरभरातून माझ्याकडे येतात. वीस वर्षांत एकही लॅपटॉप माझ्याकडून तापलेला परत गेलेला नाही. बढाई मारत नाही. पुढचं समजायला हे आधी माहीत असलेलं बरं.

बाई आल्या तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. शाळेत तीन वर्षं मला गणित शिकवलेल्या बाई. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण चाल तीच, दारात उभं राहून खोलीभर नजर फिरवण्याची पद्धतही तीच.

"काय रे खटपट्या, ओळखलंस का?"

वर्गातल्या बाकांचे स्क्रू काढायचो, तेव्हापासूनचं हे नाव. मी उठून उभा राहिलो. चाळिशी कधीच उलटली माझी, पण हात आपोआप पाठीमागे गेले.

"बाई, तुम्ही! बसा ना. आणि हा लॅपटॉप कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? माझा. लेकीनं पाठवलाय." त्यांनी पिशवीतून चार बोटं जाड, काळाकभिन्न लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला. "मी विमान उडवते यावर."

मी हसलो नाही. हसलो असतो तर पायाखालची फरशी मोजायला लावली असती त्यांनी.

गोष्ट अशी होती. बाईंची मोठी बहीण, त्यांची ताई, दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन अंथरुणाला खिळली. बोलणं गेलं. डावा हात थोडासा हलतो, आणि डोळे. तिला आयुष्यभर जग फिरायचं होतं, ते राहून गेलं. म्हणून बाईंनी विमान उडवायचा खेळ घेतला, विमान वळवायचा दांडा घेतला, आणि रोज जेवणाआधी दोन तास बाई वैमानिक आणि ताई प्रवासी. डोंगर, वाळवंटं, बर्फ.

"काल समुद्र ओलांडत होतो. ऐन मध्यावर लॅपटॉप बंद. काळा पडदा. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं रे. आठवडाभर रोज असंच होतंय. आम्ही हवेत असतो आणि हा मान टाकतो."

"तापतो म्हणून बंद पडतो बाई. स्वतःला जपतो तो. उद्या संध्याकाळी घेऊन जा."

लॅपटॉप उघडला. आत नेहमीचंच होतं. पंख्यात धुळीचा नमदा, चिपची उष्णता ओढून घेणारी पेस्ट सुकून खडूसारखी झालेली. धूळ काढली, चांगली पेस्ट लावली, मेमरी दुप्पट केली, पंख्यांना तेल दिलं. अशा लॅपटॉपला दोन पंखे असतात आणि दोन्ही बाजूंना एकेक जाळी. आतली गरम हवा त्या जाळ्यांतून बाहेर फेकली जाते. डावी जाळी ठीक होती. उजव्या जाळीच्या आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर मात्र बारीक हिरवट डाग होते. ओलाव्यानं तांब्यावर येतात तसे.

मी भिंग लावून बघितलं. लॅपटॉपमधली ही सगळ्यात तापणारी जागा. तव्यावर शेवाळ धरावं तसं हे. ओलावा गार वस्तूवर बसतो, गरम वस्तूवर नाही.

असेल, चहाची वाफ लागली असेल, असं म्हणून मी डाग खरवडून काढले. सलग तीन तास लॅपटॉप पूर्ण ताकदीनं चालवून बघितला. अठ्ठ्याहत्तर अंशांच्या वर गेला नाही. झाकण लावलं आणि बाईंना फोन केला.

२

चौथ्या दिवशी बाई परत आल्या. या वेळी पिशवीत चौकटींची वहीपण होती.

"नापास," त्या म्हणाल्या.

मला हे फार लागलं. गणितात लागलं नव्हतं इतकं.

सुदैवानं मी त्यांना तापमान दाखवणारी छोटी खिडकी पडद्याच्या कोपऱ्यात लावून दिली होती, आणि बाईंनी दर मिनिटाला आकडे टिपून आलेख काढला होता. पेन्सिलीनं, पट्टी धरून. डावीकडची चिप हिशेब करते, तिची रेघ सपाट होती. उजवीकडची चिप चित्रं काढते. तिची रेघ आठ-नऊ मिनिटं सपाट, आणि मग उभी चढत गेलेली. ब्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याण्णव. संपलं. रोज हुबेहूब तसंच.

मी त्यांच्यासमोर लॅपटॉप सुरू केला, विमान हवेत नेलं. वीस मिनिटं झाली, तीस झाली. सत्त्याहत्तर. माझ्या टेबलावर तो शहाण्या मुलासारखा वागत होता.

मग मी एक पुठ्ठा घेतला आणि उजव्या जाळीसमोर धरला. अगदी जवळ, हवा कोंडेल असा. आकडा चढायला लागला. बाई चष्मा वर करून वहीत बघत होत्या.

"थांब. पुठ्ठा जरा लांब घे. हं, आता तसाच धर." मिनिटभरानं त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "हीच रेघ. चढ अगदी हाच."

"म्हणजे झालं बाई. घरी उजव्या बाजूला काहीतरी येतंय. पडदा, उशी, वर्तमानपत्र. काहीतरी जाळीवर येऊन बसतंय."

"उजवीकडे काही नाही. मोकळी जागा आहे. पलीकडे दोन पावलांवर खिडकी. पलंग डावीकडे."

"ताईंचा हात?"

"तिचा जो हात हलतो तो पलंगाच्या पार त्या कडेला असतो. टेबलाकडचा हात दोन वर्षांत हललेला नाही." त्या थोडं थांबल्या. "आणि हलला असता, तर मी आनंदानं नाचले असते. लॅपटॉप दुरुस्त करत बसले नसते."

मी म्हटलं, उद्या घरी येऊन बघतो.

३

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. लख्ख उजेड, पुसलेली फरशी, औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या. ताई उशांना टेकून बसवलेल्या होत्या. पांढरी पातळ वेणी, पोक्त शांत चेहरा. मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी डोळे मिटून उघडले.

"म्हणजे 'ये' म्हणाली," बाई म्हणाल्या.

बाईंनी विमान सुरू केलं. मी उजवीकडे खाली बसलो आणि जाळीला कान लावला. पंख्याचा आवाज स्वच्छ होता. गरम हवेचा झोत गालावर येत होता, वीतभर अंतरावर, हातभर अंतरावर. सगळं जसं हवं तसं. खाली खोऱ्यातून नदी जात होती आणि बाई तिचं नाव ताईंना सांगत होत्या.

नवव्या मिनिटाला झोत थांबला.

पंखा थांबला नव्हता, उलट तो जोर लावत होता. मी हात पुढे नेला. जाळीपाशी हवा होती, कढत. चार बोटांवर होती. त्यापुढे नाही. जिथे हवेनं माझ्या तळहातावर आपटायला हवं होतं तिथे काहीच नव्हतं. गरम नाही, गार नाही. मी खिशातून शिवणाचा दोरा काढला, पेन्सिलीला बांधून जाळीसमोर धरला. जवळ धरला की दोरा फडफडत होता. चार बोटं मागे नेला की सरळ लोंबत होता, विहिरीत सोडल्यासारखा.

"खिडकीतून उलटा वारा येत असेल," मी म्हणालो आणि उठून खिडकी लावली. पडदा ओढला. पंखा, दार, सगळं बंद. दोरा तसाच सरळ.

आकडा एक्याण्णव झाला.

डावीकडे जाऊन बघितलं तर तिकडचा झोत हातभर लांब पलंगाच्या कडेपर्यंत येत होता. एकच लॅपटॉप, एकच खोली, आणि या बाजूला हवा पुढे जाते, त्या बाजूला अडते. माझ्या डोक्यात दहा कारणं आली. हवेचा भोवरा, भिंतीवरून परत येणारा झोत, पंख्याच्या पात्याचा वाक. दहाही पटण्यासारखी होती. पण मान वर केली तेव्हा ताईंकडे लक्ष गेलं. पडद्यावर सूर्य नदीत उतरत होता आणि ताई तिकडे बघत नव्हत्या. त्या टेबलाच्या उजव्या बाजूला बघत होत्या. जाळीच्या थोडं वर. मी उकिडवा बसलो होतो, तेव्हा माझं डोकं जिथे होतं साधारण तिथे.

"हल्ली ती पडद्याकडे कमीच बघते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं कंटाळली."

लॅपटॉप बंद पडला.

"बाई, कारण काय ते नंतर शोधू," मी म्हणालो. "हवा अडतेय ना? मग आपण ती तिथे सोडायचीच नाही."

४

ते काम मी मन लावून केलं. चिपवर पेस्टऐवजी पातळ धातूचा थर दिला, तो उष्णता दुप्पट वेगानं ओढतो. खाली मोठ्या पंख्यांचं स्टँड बसवलं. दोन्ही जाळ्यांना पत्र्याचं नाळकं जोडलं आणि त्यातून एक जाड नळी काढून थेट खिडकीबाहेर सोडली. लॅपटॉपची सगळी ऊब निघाल्या निघाल्या घराबाहेर. बसवून झाल्यावर मी दोन्ही बाजूंना हात लावून बघितला. थंडगार. आकडा चौसष्ट. खेळाच्या लॅपटॉपवर पूर्ण ताकदीनं चौसष्ट! या धंद्यातल्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल, थापा मारू नका.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. "समुद्र ओलांडला रे! अख्खा. तुला पैकीच्या पैकी."

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला तेव्हा आवाज वेगळा होता.

"ताईचं अंग गार पडतंय."

डॉक्टर येऊन गेले होते. ताप मोजायच्या ऐवजी ताप नाही हे मोजत बसले, बाई म्हणाल्या. चौतीस पूर्णांक दोन. रक्त तपासलं, नाडी, दाब, सगळं जागच्या जागी. पांघरुणं वाढवा म्हणाले. बाईंनी तीन पांघरुणं घातली, खोलीत हीटर लावला. खोली भट्टीसारखी तापली, बाईंना घाम फुटला, ताई गारच.

"बाहेरच्या खोलीत नेऊन बघितलं?"

"नेलं. शेजाऱ्यांच्या मदतीनं उचलून नेलं. अर्ध्या तासात तिथेही तेच." मग एकदम बाईंच्या आवाजात वर्गातली बाई आली. "नीट ऐक. सगळ्या अंगावर सारखं नाहीये. मी दर तासाला वेगवेगळ्या जागी हात लावून टिपलंय. डाव्या मनगटापासून सुरू होतं. तिथून वर चढतं. आणि हे परवापासून आहे."

परवा. मी नळी बसवली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

मी फोन ठेवला आणि समोरच्या लॅपटॉपचे स्क्रू घट्ट करत बसलो. दोन घट्ट केले. तिसरा हातातून तीनदा निसटला. मी शिकलेला माणूस आहे. एका घरातला लॅपटॉप आणि त्याच घरातली आजारी बाई, यांच्यात काडीचाही संबंध नाही हे मला कळतं. हे स्वतःला समजावत असतानाच मी कपाटातून उष्णता दाखवणारा कॅमेरा काढून पिशवीत टाकत होतो.

५

हा कॅमेरा फोनला जोडायचा असतो. गरम ते लाल-पिवळं दिसतं, गार ते निळं. मदरबोर्डवरची कुठली चिप जळतेय ते शोधायला मी तो वापरतो. त्याला हवा दिसत नाही, फक्त वस्तू दिसतात. त्याच्याकडे कल्पना नावाची गोष्ट नाही, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास.

मी तो ताईंवर धरला. कपाळ पिवळं, गळा पिवळा, पांघरुणाखालून नारिंगी फटी. डावा हात कोपरापर्यंत निळा. आणि मनगटावर त्याहून गडद, जवळजवळ काळे, आडवे पट्टे.

बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"चार," त्या म्हणाल्या. बोट पडद्याजवळ नेऊन, न लावता. "एक, दोन, तीन, चार. आणि अंगठा या बाजूनं."

पलंगाची ती कड भिंतीला लागून होती. मध्ये वीतभर फट. तिथे माणूस उभा राहू शकत नाही. मी फोन खाली केला. साध्या डोळ्यांना ताईंचा हात दिसत होता, सुरकुतलेला, चादरीवर ठेवलेला. खिडकीतून ऊन येत होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची टिकटिक ऐकू येत होती.

"बाई," मी म्हणालो, "तिकडे ऊब मिळत होती. मी बंद केली."

मला वाटलं त्या ओरडतील, काय बडबडतोस म्हणून. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"मग सोड परत."

मी नाळकं उचकटलं, नळी खेचून काढली, स्टँड बाजूला केलं. लॅपटॉप सुरू केला, विमान सगळ्यात अवघड जागी नेलं, वादळात, खाली दाटीवाटीचं शहर. पंखे भणाणले. मग दुकानात करून दाखवलं होतं तसा पुठ्ठा घेतला आणि उजव्या जाळीपासून हातभर लांब उभा केला. हवा कॅमेऱ्याला दिसत नाही, पण ती ज्यावर आपटते ते तापतं, आणि ते दिसतं. कॅमेऱ्यात पुठ्ठा नारिंगी झाला, मग लाल.

"मनगट कोमट होतंय," पलंगापाशी वाकलेल्या बाई म्हणाल्या. त्यांनी ताईंचा हात धरला होता. "सोडतंय. खटपट्या, सोडतंय ते."

मी तिकडे बघितलं नाही, कारण पुठ्ठ्यावरची लाली मधूनच विझायला लागली होती. सबंध नाही. दोन जागी. आधी नुसते निळे डाग, मग त्यांना फाटे फुटले. दिव्यासमोर हात धरला की भिंतीवर सावली पडते, तशी उष्णतेची सावली. दोन तळवे. बोटं ताणून फाकलेली, शेकोटीपुढे धरतात तशी.

माझे हात स्थिर होते. वीस वर्षं बारीक स्क्रू लावलेल्या माणसाचे असतात तसे. मी बघत राहिलो. मिनिटभर ते तळवे हललेच नाहीत. मग सावकाश ते उलटे झाले. एक बाजू शेकून झाली की आपण हाताची दुसरी बाजू धरतो ना, तसे.

हातांच्या मागे मनगटं असतील, मनगटांच्या मागे आणखी काही. पुठ्ठा थोडा उचलून धरला असता तर कदाचित तेही दिसलं असतं.

"वर करू नकोस," बाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, ताईंकडे बघत होत्या. ताई टेबलाच्या उजव्या बाजूला नजर लावून होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. "तिला दिसतंय तेवढं पुरे."

६

पण आकडा चढत होता. नव्वदच्या पुढे गेला की लॅपटॉप बंद होणार, बंद झाला की ऊब जाणार, आणि ऊब गेली की कुठे हात जाणार ते आता आम्हाला माहीत होतं. सौम्य खेळ लावला तर तापायचा नाही. जोराचा लावला तर टिकायचा नाही.

मला त्या क्षणी भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला उत्तर दिसत होतं. आजवर मी लॅपटॉप थंड ठेवायचे म्हणून ऊब बाहेर टाकत आलो. इथे चिप वाचवायची होती आणि ऊबही द्यायची होती. म्हणजे भार वाटून द्यायचा. उजव्या चिपवरून एक जास्तीची तांब्याची नळी डावीकडच्या जाळीपर्यंत न्यायची. उजवी जाळी अडली तरी डावी दोन्ही चिपांचा जीव सांभाळेल, आणि उजवीकडे हवी तेवढी ऊब जात राहील.

"बाई, मला दोन तास लागतील. तेवढा वेळ लॅपटॉप बंद."

त्यांनी ताईंचं मनगट दोन्ही हातांत घेतलं आणि पलंगावर बसल्या. "कर सुरू."

दुकानात पळत जाऊन अवजारं आणि एका जुन्या लॅपटॉपची नळी घेऊन आलो. तिथेच, बाईंच्या जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉप उघडला. नळी वाकवायला दहा मिनिटं लागतात. चार मिनिटांत वाकवली. डाख लावताना मागून आवाज आला, "लवकर कर रे." आवाज बाईंचा होता, पण दात वाजत होते. मी वळलो. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. ताईंचा हात त्यांनी छातीशी कवटाळला होता आणि त्यांच्या स्वतःच्या बोटांची नखं निळी झाली होती.

"सोडा बाई, थोडा वेळ सोडा."

"माझ्या हातावर आलंय तोवर तिच्यावर नाहीये. तू तुझं काम कर."

मी माझं काम केलं. शेवटचे चार स्क्रू लावलेच नाहीत. उचलून पलंगाजवळच्या टेबलावर ठेवला, सुरू केला, विमान वादळात सोडलं. साठ. सत्तर. शहात्तर. नवव्या मिनिटाची वाट बघायची गरज पडली नाही, तिसऱ्यालाच उजवीकडचा झोत अडला. बाईंनी एक लांब श्वास सोडला आणि हात उघडून बघितले, मग गालांवर ठेवले.

आकडा त्र्याऐंशीवर जाऊन थांबला. तिथेच राहिला. अर्धा तास, एक तास. डावीकडून नेहमीसारखी हवा वाहत होती.

"पास," बाई म्हणाल्या.

७

त्यानंतर तीन आठवडे सगळं छान चाललं. बाई रोज सकाळी लॅपटॉप सुरू करतात, दिवसभर तो चालूच असतो. तेवढी ऊब रात्रभर पुरते. ताईंचं अंग छत्तीस-सदतीसच्या घरात. डॉक्टरांनी वयाचं कारण दिलं आणि खूश झाले. बाई विमान उडवतात, मधूनच उजवीकडे वळून विचारतात, "बरं वाटतंय का?" आणि पुढे उडवत राहतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मग मला वाटलं, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलांनाही त्या असंच विचारायच्या.

काल मी पंखे साफ करायला गेलो होतो. सकाळचे अकरा. आम्ही बर्फाच्या डोंगरांवरून चाललो होतो. ताई पडद्याकडे बघत होत्या, मधूनच उजवीकडे, पुन्हा पडद्याकडे. बाई त्यांना शिखरांची उंची सांगत होत्या. आकडे उजवीकडे त्र्याऐंशी, डावीकडे सत्तर.

मग ताईंची नजर पडद्यावरून निघाली आणि दारावर गेली. दार उघडं होतं, बाहेरच्या खोलीची रिकामी खुर्ची दिसत होती. ताई दाराकडे बघत राहिल्या, कुणी उंबऱ्यात थांबलं असेल तर आपण बघतो तसं. मग त्यांची नजर हलली. हळूहळू, पावलापावलानं, दारापासून आत आली, कपाटाला वळसा घातला आणि टेबल नि पलंग यांच्यामधल्या जागेत येऊन खाली बसली.

डाव्या पंख्याचा सूर बदलला.

बाईंनी दांडा सोडला नाही. "सत्तर," त्या म्हणाल्या. "त्र्याहत्तर. एकोणऐंशी."

मी त्या मधल्या जागेकडे बघितलं. फरशी, ताईंच्या चपला, उन्हाची पट्टी. कॅमेरा पिशवीत होता, तो मी काढला नाही. मनात हिशेब सुरू झाला होता, आणखी एक नळी, मागच्या बाजूला तिसरी जाळी कापता येईल, पत्रा तेवढा जाड आहे.

"जमेल?" बाईंनी विचारलं.

"जमेल," मी म्हणालो, आणि उठून टेबलाचा कोपरा धरला. "फक्त टेबल जरा माझ्याकडे ओढू या बाई. मध्ये बसायला जागा कमी पडतेय."